तिच्या हातावरचे डास

तिला घरीदारी सगळे फौजदारीण म्हणत. पोलिसात ती कधीच नव्हती. पण दूधवाला "आज दूध घट्ट आहे बरं का" म्हणाला, की काल पातळ घातलं होतं हे त्याने स्वतःच कबूल केलं, असं ती धरून चालायची. बसमध्ये कुणी आपणहून जागा दिली तर बसण्याआधी ती त्या जागेवर हात फिरवून बघायची. लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवऱ्याने एकदा फुलं आणली, तर तिने विचारलं, "काय मोडून आलायस?" नवरा फ्रिज दुरुस्त करायचा आणि त्या दिवशी त्याने खरंच कुणाचा तरी फ्रिज कायमचा मोडला होता. त्यामुळे तिचा स्वभाव सुधारायचा तो जास्तच पक्का झाला.

संशयाचं हे बाळकडू तिला इस्पितळात मिळालं. तिथे ती बरीच वर्षं रक्त काढायचं काम करायची. एकदा दोन नळ्यांवरच्या चिठ्ठ्या कुणीतरी बदलल्या. धडधाकट माणसाला तापाची औषधं सुरू झाली आणि तापाने फणफणलेल्याला "तुम्हाला काही झालेलं नाही" म्हणून घरी धाडलं. तेव्हापासून ती प्रत्येक चिठ्ठी दोनदा वाचू लागली. तिथेच तिला दिसलं, की हिवतापाची तीच तीच माणसं पुन्हा पुन्हा येतात. "गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या ना, मग परत कसा आला?" तिने डॉक्टरांना विचारलं. "असतो काही जणांचा तसा," डॉक्टर म्हणाले. हे उत्तर तिच्या घशाखाली उतरेना. असतो म्हणजे काय? आणि ज्या वयात तिच्या मैत्रिणी मुलांसाठी कॉलेजं शोधत होत्या, त्या वयात हिने उष्ण प्रदेशातल्या रोगांच्या पदव्युत्तर अभ्यासाची प्रवेशपरीक्षा दिली आणि पासही झाली.

नवरा का कू करत होता. सासूबाईंनी त्याला गप्प केलं. "जाऊ दे तिला. घरी बसली तर आपल्यावरच संशय घेईल," त्या म्हणाल्या.

खरं तर सासूबाईंवर तिने कधीच संशय घेतला नव्हता. साऱ्या जगात तेवढं एकच माणूस तिने सोडलं होतं. सासूबाई शिवणकाम करायच्या, मोजकं बोलायच्या, आणि त्यांनी पुढे ठेवलेलं ही न बघता तोंडात टाकायची. स्वतःच्या आईनेही कधी एवढा विश्वास अनुभवला नसेल.

अभ्यासाच्या दुसऱ्या वर्षी तिला डासखोली मिळाली. दोन दारांची, उबदार, दमट, अंघोळीनंतरच्या न्हाणीघरासारखी खोली. फळ्यांवर जाळीचे पिंजरे, आणि प्रत्येक पिंजऱ्याला हात आत घालण्यापुरती कापडी बाही. यातल्या डासांत रोगाचा लवलेश नव्हता, अंड्यापासून त्याच खोलीत वाढलेले. पण अंडी घालायला मादीला रक्त लागतं. बहुतेक डास कोमट रक्तावर ताणलेल्या पातळ पडद्यातून निमूट पितात. हिने कालव्याकाठून आणलेली जात मात्र महा हट्टी. जिवंत माणसाचा हात असेल तरच पिऊ, नाहीतर उपाशी मरू. म्हणून संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी घेऊन, तपासण्या करून, ती स्वतःचा हात बाहीतून आत घाली आणि डासांचं जेवण होईपर्यंत बसून राही. नियम एकच पण कडक होता. डोकेदुखीची साधी गोळी घेतली तरी आधी सांगायचं. तपासणीच्या डॉक्टरांनी तिला लोह आणि कॅल्शियम सुरू केलं होतं, तेही तिने सांगितलं होतं. ते रोज सकाळी चहाबरोबर बशीत काढून ठेवायचं काम सासूबाईंनी आपणहून अंगावर घेतलं.

त्याच खोलीत दुसऱ्या फळीवर दुसऱ्या एका विद्यार्थ्याचे पिंजरे होते. त्याची जात विहिरीकडची, पण तेवढीच हट्टी, म्हणून तोही आपलाच हात द्यायचा. पोरगा तिच्याहून बराच लहान. एका न्हाव्याचा मुलगा, घराण्यात पहिला शिकलेला. सतत हसायचा, म्हणून सगळे त्याला हसरा म्हणत. दोघांच्याही मार्गदर्शक एकच मॅडम. आणि वर्षाअखेर मॅडमकडे पुढच्या संशोधनाची जागाही एकच. ज्याचं काम सरस, त्याची ती जागा. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला एवढं पुरेसं होतं.

आणि मग तिचे डास मरायला लागले.

रक्त प्यायचे, पोट लालबुंद करून जाळीवर बसायचे, आणि दोन-तीन दिवसांत पिंजऱ्याच्या तळाशी पाय वर करून पडायचे. अंडी नाहीत, काही नाही. हसऱ्याच्या पिंजऱ्यांत मात्र गुणगुण चालू. खोली तीच, साखरेचं पाणी तेच, हवा तीच. तिने पाणी बदललं, कापूस बदलला, पिंजरे उकळत्या पाण्याने धुतले. पुन्हा मेले.

मग ती त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवू लागली. तो हात धुऊन आला की सुगंधी साबणाचा वास येई. सुगंधी का? डासखोलीत वासाची वस्तू चालत नाही हे त्याला माहीत नाही? (त्याच साबणाने तो स्वतःच्याही पिंजऱ्यात हात घालायचा, हे तिने सोयीस्करपणे सोडून दिलं.) तो जेवायला लवकर जाई. का? उशिरा येई. का? एकदा त्याने तिच्यासाठी कॉफी आणली. तिने "वा, छान" म्हटलं आणि तो वळताच ती बेसिनमध्ये ओतून दिली.

"तुझे बरे जगतात रे," ती एक दिवस म्हणाली.

"माझं रक्त गोड असेल हो ताई," तो म्हणाला आणि हसला.

त्या हसण्याने तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. घरी येऊन तिने सासूबाईंना सगळं सांगितलं. सासूबाई शिलाई मशीन थांबवून ऐकत होत्या. "म्हणजे तो मेला औषध मारतो तुझ्या डासांवर?" त्यांनी विचारलं. "दुसरं काय?" ही म्हणाली. सासूबाईंनी मान हलवली, मशीनचं चाक पुन्हा फिरवलं. "काय माणसं असतात एकेक," त्या म्हणाल्या.

ती मॅडमकडे गेली.

"पुरावा?" मॅडमनी विचारलं.

"तो हसतो."

"हसणं हा पुरावा नाही."

पण पुढचा पिंजरा मेला तेव्हा तिला राहवलं नाही. भर व्हरांड्यात, येणारे-जाणारे थांबून बघत असताना, ती त्याला म्हणाली, "माझे डास तू मारतोयस. तोंडावर सांगते." हसरा आधी हसला, कारण त्याला ती थट्टा वाटली. मग त्याच्या लक्षात आलं. गोष्ट षट्कर्णी झाल्यावर मॅडमना काहीतरी करणं भाग होतं. त्यांनी दोघांना बोलावलं. "सोमवारी बैठक घेते. तोपर्यंत कुणी कुणाच्या पिंजऱ्याला हात लावायचा नाही. आणि एक लक्षात ठेवा, दुसऱ्याचं काम बिघडवणारा माणूस मी या इमारतीत ठेवत नाही. आरोप खरा निघाला तर याचं नाव त्याच दिवशी निघेल." बाहेर पडताना हसऱ्याने तिच्यासाठी दार धरून ठेवलं, आणि त्याचाही तिला संशय आला.

आता सोमवारच्या आत पुरावा हवा होता. फौजदारिणीने सापळा लावला.

युक्ती साधी होती. दोघांनीही आपापल्या डासांना रक्त दिलं, तो जेवायला गेला, तेवढ्यात तिने पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या. तिची चिठ्ठी त्याच्या पिंजऱ्यांना, त्याची हिच्या पिंजऱ्यांना. आणि पिंजऱ्यांच्या जागाही बदलल्या. डास दिसायला सारखेच. म्हणजे आता तो तिचे समजून ज्यांच्यावर विष मारणार, ते त्याचेच असणार. चिठ्ठ्या बदलणं म्हणजे काय, हे तिच्याइतकं त्या इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी तिने बदलल्या. वर खबरदारी म्हणून आपल्या खऱ्या पिंजऱ्यांना खालून, कुणाला दिसणार नाही अशी, दोऱ्याची एकेक गाठ मारली. कर म्हणावं आता काय करायचं ते. त्या संध्याकाळी ती घरी गाणं गुणगुणत आली, तेव्हा नवऱ्याने भीत भीत विचारलं, "काय मोडून आलीस?"

तिसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी डासखोलीत शिरली आणि थेट तिच्या नावाच्या पिंजऱ्यांपाशी गेली. आत सगळे ठणठणीत. जाळीला हात लावला तर भुर्रकन उडाले. मग तिने त्याच्या नावाचे पिंजरे पाहिले. तळ मेलेल्या डासांनी काळा झाला होता.

तिचा पहिला विचार हाच, की विष मारून झाल्यावर लबाडाला सापळा कळला आणि त्याने पिंजरे नि चिठ्ठ्या परत जागच्या जागी ठेवल्या. तिने वाकून खालून हात फिरवला. दोऱ्याची गाठ मेलेल्यांच्याच पिंजऱ्यांना होती, जशीच्या तशी. म्हणजे कुणीही काहीही हलवलं नव्हतं. चिठ्ठी कुणाचीही असो, फळी कुठलीही असो, मेले ते तिच्याच हातावर जेवलेले. त्याच्या हातावर जेवलेले तिच्या नावाखाली मजेत होते.

ती स्टुलावर बसली. सापळा चोरासाठी लावला होता आणि तिच्याच नकळत एक चोख प्रयोग होऊन बसला होता. विष पिंजऱ्यात नव्हतं. विष तिच्या अंगात होतं.

आधी तिला भीती वाटली, की आपल्याला काहीतरी भयंकर झालंय. मग तिला आठवलं आणि भीती गेली, तिच्या जागी दुसरंच काहीतरी आलं. जंतांवर आणि खरजेवर एक औषध देतात. ते माणसाच्या रक्तात असताना हिवतापाचे डास त्याला चावले तर दोन-चार दिवसांत मरतात. हे वर्गात तिनेच समजावून दिलं होतं, फळ्यावर चित्रं काढून, पहिल्याच सत्रात. मॅडमनी शाबासकीही दिली होती. बशीत लोह असायचं, कॅल्शियम असायचं, आणि अधूनमधून एक छोटी पांढरी गोळी. ती कसली, हे तिने कधी विचारलं नव्हतं. त्या पोराची कॉफी ओतून देणारी बाई सासूबाईंच्या बशीतलं निमूट गिळत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा.

तिने पिंजरे आणि चिठ्ठ्या जागच्या जागी लावल्या आणि ती भरदुपारी घरी आली. सासूबाई कुणाच्या तरी ब्लाउजला काजं करत होत्या.

"आई, ती पांढरी गोळी कसली असते?"

सासूबाईंनी सुई थांबवली. मग पदराने तोंड पुसलं. "ताकदीची."

"आई."

"किड्यांची," त्या म्हणाल्या. "औषधाच्या दुकानात सांगितलं, अंगात काही किडे-बिडे शिरले असतील तर मरतील असं काहीतरी द्या. आठवड्याला एक म्हणाला तो. अगं, हाताची चाळण झालीय तुझ्या! रोज त्या मेल्यांना पाजून येतेस आणि वर म्हणतेस स्वच्छ आहेत. तुझा असेल त्यांच्यावर भरवसा. माझा नाही."

"मला विचारलंत का नाही?"

"विचारलं असतं तर घेतली असतीस?"

"नसती. आणि माझे डासही मेले नसते," ही म्हणाली. सासूबाईंना आता धीर आला. "म्हणजे ते मेले, ते माझ्या गोळीने?" त्यांचा चेहरा उजळला. "बघ! मग काम करतंय की औषध!"

तेव्हा मात्र तिला रडू आलं. राग आला होताच. न विचारता कुणाच्या पोटात औषध घालणं म्हणजे काय, हे तिला सासूबाईंना ओरडून सांगायचं होतं. पण त्याहून जास्त तिला लाज वाटत होती. व्हरांड्यात तो आधी हसला होता आणि मग हसायचा थांबला होता, ते तिच्या डोळ्यांसमोरून जाईना. साप साप म्हणून तिने भुई धोपटली होती, आणि ती भुई एक जिवंत पोरगा होता. तिने सासूबाईंना सगळं सांगितलं, सोमवारी काय होणार तेही. सासूबाईंच्या हातातलं काज तसंच राहिलं. "अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "मी येते. मी सांगते तुझ्या मॅडमना. म्हातारीला कोण काय करतंय?"

संध्याकाळी नवऱ्याने ऐकलं. तो वाईट माणूस नव्हता, फक्त दुरुस्तीवाला होता. कमीत कमी उघडून काम भागवायची त्याला सवय. "हे बघ," तो म्हणाला, "तू फक्त गप्प बस. गोळ्या बंद. महिन्याभरात अंगातून जाईल. तोवर एवढ्या बदनामीनंतर तो स्वतःच निघून गेलेला असेल. मग तुझे डास जगतील आणि सगळे म्हणतील, बघा, तो गेला आणि डास वाचले. सुंठीवाचून खोकला गेला."

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याचं म्हणणं अगदी खरं होतं, हीच भीती होती. सोमवारी ती नुसती बसून राहिली तरी खोटं आपोआप सिद्ध होणार होतं. तिचीच जागा, तिचीच पदवी, आईंचं नावही कुठे येणार नाही. आणि सांगितलं तर? वर्षभराचं काम कचऱ्यात. समिती तिचा हात बंद करणार. चिठ्ठ्या बदलल्याचं कळल्यावर मॅडम तिला ठेवतील की नाही, हाही प्रश्नच. पोळ्या लाटताना तिने दोन करपवल्या. तिला ती जागा हवी होती. इतकी हवी होती, की एक पोळी तव्यावर पेटेपर्यंत ती नवऱ्याच्या म्हणण्यात खोट शोधत राहिली आणि तिला ती सापडली नाही.

सोमवारी हसरा आधीच येऊन बसला होता. शेजारी खुर्चीवर भरलेली पिशवी. बैठक सुरू व्हायच्या आत त्याने डासखोलीची किल्ली मॅडमच्या टेबलावर ठेवली. "माझं नाव काढायची वेळ नको मॅडम. मीच जातो. पिंजऱ्यात हात घालताना मागून कुणी बघतंय असं वाटत राहतं. मला नाही जमणार," तो म्हणाला.

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. आता नुसतं खाली बघत बसायचं होतं. तेवढंच.

"डास माझ्या रक्ताने मेले," ती म्हणाली. आणि मग एकदा तोंड उघडल्यावर तिने काही ठेवलं नाही. गोळी, बशी, सासूबाई, सापळा, बदललेल्या चिठ्ठ्या, सगळं. शेवटी ती हसऱ्याकडे वळली. "माझं चुकलं. तुझं काहीच नव्हतं."

तो तिच्याकडे बघत होता, पण त्याच्या चेहऱ्यावर काही दिसेना.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "औषध तू जाणून घेतलं नाहीस, हे मान्य," त्या म्हणाल्या. "चिठ्ठ्या मात्र जाणून बदलल्यास. नाव काढत नाही, कारण तू आपणहून सांगितलंस. पण वर्ष पुन्हा करावं लागेल, आणि समिती नव्याने परवानगी देईपर्यंत तुझा हात बंद. पुढची जागा याची." त्यांनी किल्ली उचलून हसऱ्यापुढे सरकवली. मग तिच्याकडे वळून म्हणाल्या, "तुझी कालव्याची जात?"

त्याचं उत्तर तिघांनाही माहीत होतं. शेवटच्या दोन पिंजऱ्यांतले डास काल-आज पाण्यातून वर आले होते, त्यांना रक्त मिळालं नाही तर ती जात संपली. मग पुन्हा करायच्या वर्षात करायचं काय? परवानगी असलेला दुसरा हात इमारतीत एकच होता. मॅडमनी त्याला विचारलं नाही. तिने तर नाहीच नाही. कुठल्या तोंडाने विचारणार?

दुपारी ती डासखोलीच्या दाराबाहेर उभी राहून काचेतून बघत होती. हसऱ्याने आपल्या पिंजऱ्यांचं काम संपवलं, हात पुसला आणि दार उघडलं.

"आत या," तो म्हणाला. पुढे ताई लावलं नाही. "तुमचे पिंजरे आणा. डासांनी माझं काही बिघडवलेलं नाही. देतो हात."

ती आत आली. "अरे, तुझे उपकार..."

"थांबा. मी हात आत घातला की तुम्ही समोर बसायचं. दोन्ही हात टेबलावर, मला दिसतील असे. चिठ्ठ्या मीच लिहिणार, मीच लावणार. रोज."

"बरं," ती म्हणाली.

तिने पिंजरा आणून ठेवला आणि समोरच्या स्टुलावर बसून दोन्ही तळवे टेबलावर पालथे टेकले. त्याने बाही वर सारली, हात आत घातला. कालव्याच्या हट्टी माद्या एकेक करून त्याच्या मनगटावर उतरल्या आणि पिऊ लागल्या. त्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तो तिच्या बोटांकडे बघत होता, ती बघायची तसाच. खोलीतल्या उकाड्याने तिच्या कपाळावरून घाम ओघळला, नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला आणि खाज सुटली. थोडा वेळ तिने सोसलं.

"नाक पुसू का?" तिने विचारलं.

त्याने विचार केला.

"एकाच हाताने," तो म्हणाला.